वाचकांचे प्रश्न : तीन हजार बाटल्यांची ऑर्डर स्वीकारावी का?

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. माझी आई आणि पत्नी गेली चार वर्षे घरी भिरंडांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, आगळ (खारवलेला रस) आणि सोलां (वाळवलेली साले, आमसुले) तयार करतात. गेल्या मोसमात आगळाच्या आठशे बाटल्या ओळखीपाळखीतच संपल्या. आता किनारपट्टीवरील एका हॉटेलने वर्षाला ३००० बाटल्या, महिन्याला २५० याप्रमाणे, १३० रुपये दराने घेण्याची तयारी दाखवली आहे. पैसे मात्र ९० दिवसांनी देणार. आम्हाला बाटलीमागे ९५ रुपये खर्च येतो. धाकटा भाऊ म्हणतो, म्हार्दोळ-मंगेशीच्या देवळांच्या रस्त्यावर दुकान घालू. मुलगी म्हणते, ऑनलाइन विकू. माझ्याकडे ५ लाखांची शिल्लक आहे आणि कारखान्यातील नोकरी सोडून पूर्ण वेळ यात उतरण्याचा विचार आहे. कोणते धोरण निवडावे?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आपण खर्चाचे आणि दराचे आकडे कळवलेत, हे फार बरे केलेत. त्यामुळे केवळ मत न देता हिशेब मांडून उत्तर देता येते. तीन मार्गांची तुलना करण्याआधी आपल्या धंद्याचा स्वभाव पाहावा लागेल. भिरंडे पिकतात एप्रिल-मेमध्ये आणि सोलां पाऊस लागण्यापूर्वी उन्हात वाळली पाहिजेत. म्हणजे वर्षभराचा माल दीड-दोन महिन्यांत करून ठेवावा लागतो आणि त्याचे पैसे मात्र बारा महिने थोडेथोडे येत राहतात. अशा धंद्यात नफा किती होतो याच्या आधी गुंतवलेला पैसा कधी परत येतो, हे विचारले पाहिजे.

हॉटेलच्या ऑर्डरकडे याच दृष्टीने पाहा. ३००० बाटल्यांसाठी २ लाख ८५ हजार रुपये लागतील आणि ते सगळे मेअखेरपर्यंत अडकलेले असतील. जूनअखेरीस दिलेल्या पहिल्या २५० बाटल्यांचे ३२,५०० रुपये सप्टेंबरअखेरीस हाती येतील. त्यानंतर दरमहा तेवढीच रक्कम अगदी वेळेवर येत गेली असे धरले, तरी घातलेले पैसे वसूल व्हायलाच नऊ हप्ते लागतात. नववा हप्ता पडतो पुढच्या मेअखेरीस, आणि तोपर्यंत नव्या मोसमाचे फळ विकत घेऊन झालेले असायला हवे. उरला नफा १ लाख ५ हजारांचा, म्हणजे महिन्याला पावणेनऊ हजार, आणि तोही जवळजवळ सगळा दुसऱ्या पावसाळ्यात मिळणारा. एवढ्याच्या भरवशावर नोकरी सोडू नका, असे मी आपल्याला कळकळीने सांगेन.

हॉटेलला नकार द्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या; ती विनामूल्य आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत उत्पादकाचे पैसे खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, मग लेखी करारात मुदत कितीही लिहिलेली असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे हॉटेलच्या हिशेबनीसाला ४५ दिवसांची अट समजावून सांगणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. तरीही सुरुवात हजार बाटल्यांनीच करा. एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा करण्याचे परिणाम काय होतात, हे खाणपट्ट्याला लागून राहणाऱ्या आपल्याला मी सांगायला नको. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा खनिज वाहण्यासाठी कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिलेले आपणही पाहिले असतील.

आपल्या पत्रात न आलेला चौथा मार्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे पुरुमेंताचा. पावसाळ्याच्या बेगमीसाठी गोव्यातले कुटुंब मे महिन्यात सोलां, आगळ, सुकी मिरची, चिंच एकदमच घेते आणि रोख पैसे देते. आपल्याला फळांसाठी रोकड लागते तीही याच दिवसांत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मे महिन्यात थोडा वेळ उभे राहून पाहा: गिऱ्हाईक बाई सोल बोटांनी दाबून ओल राहिली आहे का ते तपासते, तुकडा जिभेला लावून मिठाचा अंदाज घेते, आगळाची बाटली उजेडात धरून रंग पाहते, आणि मग एक किलो मागायला आलेली असली तर दोन किलो घेऊन जाते. आपल्या मालाची खरी परीक्षा तिथे होईल, आणि एकदा तिची खात्री पटली की पुढच्या मेमध्ये ती आपल्याला शोधत येईल. हजार-बाराशे बाटल्या आणि शक्य तितकी सोलां याच बाजारासाठी राखून ठेवा.

भावाचे दुकान तूर्त नको. देवळांच्या रस्त्यावर गिऱ्हाईक आहे, पण भाडे बारा महिने द्यावे लागते आणि एका वस्तूवर दुकान चालत नाही. तिथल्याच दोन-तीन पसरकारांकडे (दुकानदारांकडे) माल ठेवून पाहा. मुलीची सूचना मला आवडली, मात्र तिला सोलां विकू द्या, आगळ नको. काचेची बाटली जड असते, वाटेत फुटते आणि नफा पाठवणावळीत जातो. आणखी एक गोष्ट तिच्या कानावर घाला: गोव्याबाहेर, अगदी सावंतवाडी-बेळगावला जरी हा माल विकायचा झाला, तरी उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. आणि बिया टाकून देत असाल तर टाकू नका. थंडीत टाचांना लावायला भिरंडेल, म्हणजे या बियांचे तेल, विचारणारी गिऱ्हाइके आजही आहेत.

नोकरीचा निर्णय पुढच्या मेपर्यंत थांबवा. त्या मोसमाचे फळ शिल्लकीला हात न लावता, विक्रीतून आलेल्या पैशांतच घेता आले, तर हॉटेलची ऑर्डर वाढवण्याविषयी आणि राजीनाम्याविषयी आपण पुन्हा अवश्य लिहा.