फ्लॅटचे १ कोटी ४० लाख ‘वेल्थ’ कंपनीच्या हाती द्यावेत का?

प्रश्न: मी ६२ वर्षांची, नाशिकला राहते. कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झाले, पेन्शन महिना ३८ हजार. २००४ मध्ये १८ लाखांना घेतलेला ठाण्याचा फ्लॅट दोन महिन्यांपूर्वी १ कोटी ४० लाखांना विकला. बँकेच्या ओळखीतून एका वेल्थ मॅनेजमेंट कंपनीचे रिलेशनशिप मॅनेजर घरी आले. त्यांनी ५० लाख पीएमएसमध्ये (मॅनेजर आपल्या नावावर शेअर घेतो-विकतो ती सेवा), ६० लाख सात म्युच्युअल फंडांत आणि ३० लाख विमा योजनेत (वर्षाला ६ लाख, पाच वर्षे) असा आराखडा दिला. विम्याचा परतावा ‘गॅरंटीड आणि करमुक्त’ आहे म्हणाले. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. मुलाने सुचवलेले सेबी नोंदणीकृत सल्लागार मात्र वर्षाला ४५ हजार आणि वर जीएसटी मागतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणजे भरवशाची असेलच ना? विम्याचा पहिला चेक मी देऊन बसले आहे. काय करू?

उत्तर:

ताई, त्या आराखड्याची बेरीज करून पाहा. ५० अधिक ६० अधिक ३०, बरोबर १४०. म्हणजे फ्लॅटवर लागणाऱ्या कराला त्यात जागाच नाही. कंपनी भली की बुरी हा वाद मी नंतर घेतो. ज्या माणसाने तुमच्या घरी चहा घेऊन तासभर गुंतवणूक समजावली, त्याने फ्लॅट विकल्याचा कर कसा भरणार एवढे विचारले नाही, यावरून तो कोणत्या कामासाठी आला होता ते कळते.

कराचा हिशेब मी करून पाहिला. नफा १ कोटी २२ लाखांचा. खरेदी जुलै २०२४ च्या आधीची असल्याने इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के किंवा त्याशिवाय साडेबारा टक्के, यांतला स्वस्त पर्याय तुम्हाला निवडता येतो. तुमच्या बाबतीत साडेबारा टक्के स्वस्त पडतो. तरीही अधिभार (मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर) आणि उपकर धरून रक्कम १८ लाखांवर जाते. आता विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या कॅपिटल गेन बाँडमध्ये (५४ईसी म्हणतात ते) ५० लाख घातले, तर तेवढा नफा करातून सुटतो. अधिभाराचा टप्पाही खाली येतो आणि कर साडेदहा लाखांच्या आत बसतो. साडेसात लाखांहून जास्त वाचतात.

या बाँडवर व्याज फक्त सव्वापाच टक्के, तेही करपात्र, आणि पैसे पाच वर्षे अडकतात. म्हणून लोक नाक मुरडतात. पण वाचलेला कर वजा केला तर तुमच्या खिशातून जातात बेचाळीस-त्रेचाळीस लाख आणि पाच वर्षांनी परत येतात पूर्ण ५० लाख. तसे पाहिले तर करपूर्व परतावा नऊ टक्क्यांच्या आसपास जातो, तोही सरकारी कंपनीच्या बाँडवर. तुमच्या वयाला याहून चांगला सौदा मला तरी दिसत नाही. दोन महिने गेले आहेत, चार उरलेत. सगळ्यात आधी हे काम उरका.

आता कंपनीकडे वळू. वेल्थ मॅनेजमेंटचा धंदा आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत फोफावला. २००८ मध्ये आयआयएफएल वेल्थ म्हणून सुरू झालेली कंपनी आज ३६० वन या नावाने चालते. एडलवाइजच्या घरातून बाहेर पडलेली नुवामा २०२३ मध्ये शेअर बाजारात आली, आनंद राठी वेल्थ डिसेंबर २०२१ मध्ये. यांची मूळ गिऱ्हाइके पाच-पन्नास कोटींची आणि त्याहून मोठी. तुम्हाला भेटलेली कंपनी यांतलीच कुठली असावी असे माझे म्हणणे नाही, बाजार कसा आहे एवढेच सांगतो. शेअर बाजारात नोंदणी असण्याचा एक खरा फायदा आहे: कंपनी पैसे कशातून कमावते ते वार्षिक अहवालात छापावे लागते. आनंद राठी वेल्थचे उत्पन्न मुख्यतः म्युच्युअल फंडांच्या वितरणातून आणि स्ट्रक्चर्ड प्रॉडक्टच्या (शेअर निर्देशांकाशी परतावा बांधलेल्या रोख्यांच्या) विक्रीतून येते. ३६० वन दरवर्षी येत राहणारे उत्पन्न आणि एकेका व्यवहारातून मिळणारे उत्पन्न वेगळे दाखवते. यात लपवाछपवी काही नाही. पण नोंदणीमुळे भरवसा मिळतो तो कंपनीच्या भागधारकाला. गिऱ्हाइकाला कोणते प्रॉडक्ट गळ्यात मारले जाईल, याची हमी शेअर बाजार देत नाही.

गिऱ्हाइकाने पाहायचे ते व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर. एआरएनने सुरू होत असेल तर तो म्युच्युअल फंड वितरक, त्याला कमिशन फंड कंपनी देते. आयएनएने सुरू होत असेल तर तो सेबीच्या २०१३ च्या नियमांखालचा गुंतवणूक सल्लागार, त्याची फी तुम्ही देता. २०२० पासून एकाच गिऱ्हाइकाला एकाच वेळी सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर विक्रीही करायची, हे चालत नाही. वितरकांची संख्या अफाट आणि सल्लागार देशभरात मिळून हजाराच्या आसपास, त्यामुळे नाशिकमध्ये तुमच्या दारी कोण येणार हे ठरलेलेच.

मीही फी घेणाराच आहे, तेव्हा माझे मत एका बाजूला झुकलेले धरूनच पुढचे वाचा.

‘सल्ला फुकट’ म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. सातही फंड रेग्युलर प्लॅनचे, म्हणजे वितरकाचे कमिशन खर्चात धरलेले आहेत. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन मिळतो, त्यात वितरकाचे कमिशन नसते. इक्विटी फंडांत फरक वर्षाला अर्धा ते एक टक्का असतो, आपण पाऊण टक्का धरू. ६० लाखांवर वर्षाला ४५ हजार. योगायोगाने तीच रक्कम तुमच्या मुलाचा सल्लागार मागतो आहे! फरक इतकाच की फंड वाढले की कमिशनही वाढत जाते आणि ते पासबुकात कधी दिसत नाही. फीचा मात्र चेक फाडावा लागतो, म्हणून ती महाग वाटते.

पीएमएसला माझे स्पष्ट नाही. सेबीने किमान रक्कम ५० लाख ठेवली आहे ती मोठी जोखीम पेलणाऱ्यांसाठी. तुमच्या पुंजीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग वीस-पंचवीस शेअरमध्ये अडकेल. शिवाय फंडाच्या पोटात शेअर विकले तर कर तुम्हाला लागत नाही, पीएमएसमध्ये शेअर तुमच्या नावावर असतात आणि मॅनेजरने केलेल्या प्रत्येक विक्रीचा कर तुमच्या विवरणपत्रात येतो. वर्षअखेरीला सीएकडे तो गठ्ठा घेऊन कोण जाणार?

विमा तर त्याहून वाईट. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा वार्षिक हप्ता एकूण ५ लाखांच्या वर गेला, तर मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेवरचा नफा करपात्र होतो. तुमचा हप्ता ६ लाख. ‘करमुक्त’ हा शब्द त्यांनी कागदावर लिहून दिला आहे का ते तपासा. मला खात्री आहे, दिलेला नसेल.

माझ्या मते पैसे असे लावावेत. कराचे ११ लाख बँकेत मुदत ठेवीत वेगळे ठेवा. साठीपुढच्या, धंद्याचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरताना तो भरला तरी चालेल. खरेदीदाराने कापलेला १ टक्का टीडीएस, म्हणजे १ लाख ४० हजार, त्यातून वळता करून घ्यायला विसरू नका. बाँडमध्ये ५० लाख. पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके ३० लाख, सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये हातात पडतील. दवाखाना, घराची डागडुजी यांसाठी १४ लाखांच्या ठेवी, एकाच बँकेत नको, ठेवविम्याची मर्यादा ५ लाख आहे. उरलेले ३५ लाख वर्ष-दीड वर्षात हळूहळू दोन-तीन म्युच्युअल फंडांत, त्यातले निम्मे हायब्रिडमध्ये (शेअर आणि रोखे दोन्ही असलेल्या फंडात). सात फंड कशाला?

असे केले तर फंडांत ३५ लाखच राहतात आणि रेग्युलर-डायरेक्टमधला फरक वर्षाला पंचवीस-सव्वीस हजारांवर येतो. मग जीएसटीसह ५३ हजार फी दरवर्षी देणे तुम्हालाही परवडणारे नाही. या सल्लागाराला पहिले वर्ष द्या, कारण कर, बाँड, नॉमिनेशन, मृत्युपत्र ही कामे याच वर्षाची आहेत. पुढे वर्षातून एकदा आढाव्यापुरती फी घेणार का, ते आत्ताच विचारून ठेवा. नाही म्हणाले तर दुसरा पाहा. आणि तुमच्या ओळखीचा एखादा वितरक फोन उचलतो, फॉर्म भरतो, बाजार कोसळला की धीर देतो, असे असेल तर ३५ लाखांसाठी त्याच्याकडून रेग्युलर प्लॅन घेतला तरी मी तुम्हाला वेड्यात काढणार नाही. त्याचे काम मोलाचे आहे, फक्त किती मोलाचे ते तुम्हाला माहीत हवे.

राहिला तुमचा चेक. पॉलिसी अजून आली नसेल तर प्रस्ताव मागे घेत असल्याचा ईमेल विमा कंपनीला आजच पाठवा, रिलेशनशिप मॅनेजरला नव्हे. पॉलिसी हातात आली असेल तर मिळाल्या दिवसापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ खर्च कापून पैसे मिळतात. कुरियरचे पाकीट किंवा ईमेलची तारीख जपून ठेवा, ‘थोडे थांबा, साहेबांशी बोलतो’ असा फोन येईल तेव्हा तीच उपयोगी पडते.