बाग लावायच्या आधी खड्डा खणा

भाऊ, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बागांचं वाचून सोलापुरात वाईनची द्राक्षं लावायची म्हणताय. हौस चांगली आहे. पण तिथला गारवा थंड पॅसिफिकवरून येणाऱ्या धुक्याचा. मणी सावकाश पिकतो, आंबटपणा टिकतो, वाईन तरतरीत होते. आपला कोकणकिनारा उबदार. तिथली दमट हवा म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाला आमंत्रण. नुसता समुद्र जवळ असून भागत नाही.

आपल्याकडे उन्हानं साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. सुरुवातीला एवढंच बघा:

- खड्डा तीन फूट खणा. खाली मुरूम लागला तर उत्तम. भारी काळ्या रानात पाणी तुंबतं, वेल नुसती पानांनी माजते आणि वाईन पचपचीत होते.
- चुनखड. ढेकळावर पातळ ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं की समजा, चुनखड आहे. मी हे न बघता एक एकर लावली. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह जमिनीत होतं, पण चुनखडीमुळे वेलीला मिळत नव्हतं. खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर कलम बांधायचं ती, माती-पाण्याचा रिपोर्ट बघूनच ठरवा.
- गोड लागलं की तोडा, हे खायच्या द्राक्षाचं. इथं आंबटपणाही मोजायचा, आणि तोडणी पहाटेच.

सोनाका ही खायच्या द्राक्षाची जात आपल्या नान्नजचीच, पण तिची सवय वाईनच्या द्राक्षाला चालत नाही. घड जास्त ठेवायचा मोह नडतो.

जात कोणती, ते नंतर. आधी खड्ड्याचा फोटो पाठवा.