सोमवारी नवं काही काढू नकोस

अगं, शनिवार-रविवार घरी राहून आलेली बालवाडीतली मुलं सोमवारी निम्मी रडतच येतात. गाणी, चिकणमाती, बस्स. सुटताना त्यांच्यासमोर मटकी भिजत घाल. मंगळवारी फडक्यात त्यांनाच बांधू दे, बुधवारी मोड बघायला बसव. ठाण्याच्या पावसाळी हवेत फडकं लगेच आंबूस होतं, तेवढं सांभाळ. लांब-आखूड, मोजणं, वास, सगळं त्यातच येतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत (तेव्हा आपल्याच जिल्ह्यात) काम सुरू केलं, तेही आसपासच्याच वस्तू घेऊन.

अक्षरांची घाई पालकांना असते. वहीचे फोटो मागतील, मागू देत. आधी उभ्या-आडव्या रेघा, मग ग, म, न. गुरुवारी मावशींकडून उसळ करून घे, तिखट कमी.