वेब इंटिग्रेशन : एकात्मीकरण की सांधणी?

यवतमाळकडच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्या भाऊंचा प्रश्न आहे. संकेतस्थळ करून देणाऱ्याने खर्चाच्या कागदावर होस्टिंगच्या खाली 'वेब इंटिग्रेशन' म्हणून वेगळा आकडा लिहिलाय. हे होस्टिंगच का? एपीआय म्हणतात ते हेच का? आणि याला मराठीत काय म्हणावं?

भाऊ, होस्टिंग म्हणजे संकेतस्थळ ठेवायला घेतलेली जागा, तिचं भाडं वेगळं. इंटिग्रेशनचा अर्थ तुमच्या दुकानातच सापडेल. गल्ल्यावर यूपीआयचा क्यूआर चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक पैसे टाकतं, तुम्ही मोबाइल पाहता आणि वहीत लिहिता : डीएपी 2 बॅगा, जमा. संकेतस्थळावर पैसे भरायची नुसती लिंक दिली, तरी वही तुम्हालाच लिहावी लागणार. पैसे येताच ऑर्डरपुढे आपोआप 'जमा' पडलं आणि साठ्यातून 2 बॅगा वजा झाल्या, तर ते इंटिग्रेशन. मी एकच पाहतो : मधल्या माणसाला तीच माहिती पुन्हा भरावी लागते का? पानात नकाशा बसवला तर तो एम्बेड. तो दिसतो, पण तुमच्या साठ्याशी त्याला देणंघेणं नसतं.

एपीआय म्हणजे समोरच्या प्रणालीने बाहेरच्यांसाठी ठरवून दिलेली देवाणघेवाणीची रीत. ती वापरून दोन्ही बाजू जुळवायचं काम म्हणजे इंटिग्रेशन. पैसे त्या कामाचे.

आता शब्द. 'एकात्मीकरण' मला पटत नाही. एकात्म झालं की वेगळेपण संपलं. इथे दोघं आपापल्या जागी राहतात. 2016 मध्ये ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन राष्ट्रीय बाजार आला, त्याला बाजार समित्या जोडल्या गेल्या, त्या विलीन झाल्या नाहीत. 'समाकलन' गणिताने घेतलाय. 'जोडणी' म्हटलं की गावात वीज किंवा नळ आठवतो.

मी 'सांधणी' म्हणेन. वावरात तिफणीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यातून ज्वारी पडते, मागे दोराने बांधलेल्या सरत्यातून, म्हणजे बी सोडायच्या नळीतून, बाई तुरीचे दाणे सोडत चालते. अवजारं दोन, बियाणं दोन, पण एकाच फेरीत दोन्ही पेरणी होते. दोर सुटला तर तिफण पुढे जाते आणि तुरीची ओळ रिकामी राहते.

म्हणून त्या माणसाला आकडा मान्य करण्याआधी विचारा : पलीकडच्यांनी एपीआय बदलला, तर सांधा पुन्हा कोण जुळवणार, आणि त्याचे पैसे यातच धरलेत का?