पत्राच्या पाठीवरच्या चार ओळी

राजुरा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून सार देते: "मुलगी दोनदा नीटला बसली. आधी 268, यंदा 291. नागपूरला क्लास, हॉस्टेल, सगळं कर्ज काढून केलं. बारावीला गणितात 84, भौतिकशास्त्रात 78, जीवशास्त्रात 59. मी अजून एक वर्ष देतो म्हणतो, तर ती ऐकत नाही. मेहुणे म्हणतात, एमबीबीएस नाही तर फॉरेन्सिक करू द्या, त्यालाही डॉक्टरच म्हणतात आणि आता स्कोप आहे. पोरगी मात्र मोबाइलवर भूकंपात पडलेल्या बिल्डिंगी बघत बसते. आपल्या विदर्भात भूकंप होत नाही, ते शिकून खाणार काय? तुम्ही चार शब्दांत तिले समजावा."

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. 'डॉक्टर' शब्द आला की शेजारी एक टिंब, असं करत गेले तर अकरा टिंबं झाली. मुलीचं नाव मात्र अख्ख्या पत्रात नाही. 'मुलगी', 'पोरगी', 'ती'. समजवायचं नक्की कुणाला, हे कळायला मला कागद उलटावा लागला.

तुमच्या पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने चार ओळी लिहिलेल्या आहेत. पाकीट बंद करताना तुम्ही पाहिल्या असतील तर ठीक, नसतील तर आता वाचा. "मॅडम, 4 डिसेंबर 2024 ला सकाळी हादरा बसला तेव्हा आमच्या घरकुलात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली. बाबा म्हणतात काळ्या मातीची आहे, काका म्हणतात खाणीच्या सुरुंगाची. मी हॉस्टेलवरून घरी आली की भेगेच्या टोकाला तारीख टाकते. मे महिन्यात ती रुंद होते, पावसाळ्यात मिटत येते. मग ती भूकंपाची कशी?"

खाली सही आणि नाव. तिथे मला ते पहिल्यांदा कळलं.

या ओळींकडे येतेच, पण आधी तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या आईला साप चावला, चंद्रपूरला नेता नेता ती वाटेतच गेली आणि त्या रात्री तुम्ही ठरवलं की घरात एक डॉक्टर करायचा. हे वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं होतं. ज्याने असं मरण पाहिलं त्याला उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण हिशेब चुकतोय तिथे बोट ठेवणं माझं काम आहे. आई गेली ती सर्पदंशाची लस वेळेत मिळाली नाही म्हणून. ती लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, रात्री ती टोचणारं कुणी असतं का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. त्याला नीटची परीक्षा लागत नाही. तुम्ही हे कधी विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. एका रात्रीचं देणं तुम्ही एका पोरीच्या नावावर चढवलंत आणि ती दोन वर्षं व्याज भरतेय.

आणि ते 'अजून एक वर्ष देतो'. भाऊ, वर्ष तिचं आहे. पैसे तुमचे, कर्ज तुमचं, हे मान्य. पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी खोलीत कोंडून, न आवडणाऱ्या विषयाचे प्रश्नसंच सोडवत काढलेलं वर्ष देणारे तुम्ही नव्हे. 268 वरून 291. अख्ख्या वर्षाने 23 गुण वाढले. तुमच्या शेतात एखादं वाण दोन हंगाम असं निघालं असतं, तर तिसऱ्या हंगामात तेच बियाणं आणलं असतं का?

एक प्रयोग सांगते, तोही मेहुण्यांच्या आवडीच्या फॉरेन्सिकमधला, म्हणजे गुन्ह्याचे पुरावे तपासणाऱ्या शास्त्रातला. 2006 साली इटिएल ड्रॉर या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बोटांचे ठसे जुळवणारे पाच अनुभवी तज्ज्ञ घेतले. प्रत्येकापुढे ठशांची एक जोडी ठेवली आणि सांगितलं, माद्रिद बॉम्बस्फोटाच्या तपासात अमेरिकेच्या एफबीआयने चुकून जुळवले होते, ते हेच ठसे. खरं तर ती जोडी ज्याने त्याने पूर्वी स्वतःच तपासून 'जुळतात' असं सांगितलेलं होतं. पाचांपैकी चौघांनी स्वतःचंच जुनं उत्तर सोडलं. ठसे बदलले नव्हते, कानावर घातलेली गोष्ट बदलली होती. तुम्हीही मला उत्तर आधी लिहून, मग मुलगी तपासायला पाठवली आहे. मी ती तुमच्याकडची माहिती झाकून, नुसते तिचे गुण आणि या चार ओळी समोर ठेवून वाचली. गणित 84, जीवशास्त्र 59, आणि भिंतीवर पेन्सिलीने टाकलेल्या तारखा. यात डॉक्टर मला कुठे सापडला नाही.

मेहुण्यांचं म्हणणं थोडक्यात निकालात काढू. शवविच्छेदन करतो तो एमबीबीएस झालेला डॉक्टर. त्यातलाच तज्ज्ञ व्हायचं तर पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. म्हणजे त्या दाराचं कुलूपही नीटचंच. हे काही उरलंसुरलं कामही नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कार पीडितांच्या तपासण्या किती अशास्त्रीय होतात याचा अहवाल लिहिला, त्यावरून 2010 मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. अशी जिद्द लागते तिथे. दुसरं दार प्रयोगशाळेचं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, ते तुम्ही विसरला नसाल. अशा मृत्यूत व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त पाण्यात, बरणीत सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. ती बरणी उघडून आत कोणतं औषध आहे हे शोधणारा माणूस रसायनशास्त्राचा असतो. त्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही. काम वाढतंय हे मात्र खरं: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्याने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञाने जाणं बंधनकारक करायचं ठरलं आहे. नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. पण ज्या मुलीने हे मागितलेलं नाही, तिला ते निव्वळ 'डॉक्टर' शब्दाच्या जवळ बसतं म्हणून देऊ नका.

आता तुमचं ते वाक्य, ज्यावर माझा खरा आक्षेप आहे. 'विदर्भात भूकंप होत नाही.' किल्लारीलाही होत नव्हता. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला आणि सुमारे 10 हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपक्षेत्राच्या नकाशात तो भाग पहिल्या क्षेत्रात होता, म्हणजे देशात सर्वांत कमी धोक्याच्या ठिकाणी. पुढे 2002 मध्ये नकाशा सुधारला तेव्हा ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. किल्लारीची घरं आठवा: मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीची आतली रांग आणि बाहेरची रांग एकमेकींत गुंतवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. हादऱ्याने भिंत मधून उकलली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. तुमच्या बाजूला या. राजुऱ्याच्या परिसरात जो कोळसा निघतो, तो प्राणहिता-गोदावरीच्या प्राचीन खचदरीतला, म्हणजे जमीन खचून झालेल्या लांब दरीतला. त्याच पट्ट्यात, खाली तेलंगणात, 1969 साली भद्राचलमजवळ 5.7 रिश्टरचा भूकंप झाला होता. आणि 4 डिसेंबर 2024 ला सकाळी साडेसातच्या सुमारास मुलुगु जिल्ह्यात झाला तो 5.3 चा. तुमच्या घरी त्या सकाळी हादरा बसला तो याचाच. तुमच्याकडे धोका हिमालयाएवढा नाही, हे खरं. 'कमी' आणि 'नाही' हे दोन शब्द मात्र वेगळे आहेत, आणि घर बांधताना हा फरक कुठे लिहिलेला असतो ते तुमच्या मुलीला शोधायचं आहे. 'खाणार काय' याचंही उत्तर त्यातच आहे: शाळा, आरोग्य केंद्र, पूल, पाण्याची टाकी, कुठलीही रचना आखताना भूकंपाचं मानक बघावंच लागतं, भूकंप रोज होवो न होवो.

त्या चार ओळींकडे वळते. तिने संशयित तीन मांडले आहेत: भूकंप, काळी माती, सुरुंग. त्यात तिसऱ्याला ती हळूच बाजूला ठेवते आणि पहिल्या दोघांत पुरावा शोधते, तोही ऋतूंमधून. काळी माती उन्हाळ्यात आटते, पावसात फुगते, आणि पाया तिच्याबरोबर खालीवर होतो. भेग उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर बोट मातीकडेच जातं. भूकंपात भिंत इकडून तिकडे हलते, म्हणून मोठ्या हादऱ्यात खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर बऱ्याचदा फुलीसारख्या दोन तिरप्या भेगा पडतात. एकच तिरपी भेग कोपऱ्यातून गेली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण खिडकीचा कोपरा हा भिंतीचा कमकुवत भाग, ताण कुठूनही येवो, तिथेच आधी उकलतं. कदाचित मातीने भिंत आधीच थकवली होती आणि हादऱ्याने तिला तोंड फोडलं. मी अभियंता नाही, निकाल देत नाही. पण बाप मातीची म्हणतो, काका सुरुंगाची म्हणतो, आणि पोरगी तारीख टाकते. फॉरेन्सिक म्हणा, निदान म्हणा की अभियांत्रिकी म्हणा, सगळ्यांची सुरुवात इथेच होते. मेहुण्यांना हवं ते फॉरेन्सिक ती घरच्या भिंतीवर करतेच आहे.

या क्षेत्रातलं, म्हणजे भूकंप अभियांत्रिकीतलं, हल्लीचं काम उंच मनोऱ्यांपुरतं राहिलेलं नाही. गांधीनगरच्या आयआयटीने आपल्या आवारातल्या अनेक इमारती एका जुन्या पण आपल्याकडे दुर्लक्षित पद्धतीने बांधल्या: आधी विटांची भिंत चढवायची, तिची कड दातेरी ठेवायची, आणि मग त्या दातांमध्ये काँक्रीटचे बारीक खांब ओतायचे. आपण उलटं करतो, सांगाडा आधी आणि भिंत नंतर, त्यामुळे दोघं एकमेकांना धरत नाहीत. अशी पद्धत दोन खोल्यांच्या घरालाही परवडू शकते. आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः जाऊन बघा. गावात कुठे कॉलमचं लोखंड बांधणं चालू असेल तिथे उभे राहा. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगची टोकं कशी वळवली आहेत? काटकोनात वळवून सोडली असतील तर जोराच्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटताच रिंग उघडते आणि सळया फाकतात. मानक सांगतं, टोक 135 अंशात, आतल्या गाभ्याकडे वळवा. एका वळणाला गवंड्याचा जेमतेम अर्धा मिनिट जास्त जातो. तुमच्या मुलीला आवडणारं शास्त्र निम्मं अशा अर्ध्या मिनिटांचं आहे.

वाट सोपी आहे, एका परिच्छेदात संपते. बारावीला गणित ठेवलं, हे अकरावी-बारावीतलं सर्वांत चांगलं काम. सिव्हिल इंजिनिअरिंगला ते लागतंच. एमएचटी-सीईटीतून अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, जेईई मेनमधून नागपूरचं व्हीएनआयटी. यंदा सीईटी दिलेली नसेल तर बारावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात सिव्हिल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. मला स्वतःला हा रस्ता तिच्यासाठी जास्त आवडतो, कारण तिला वर्षभर पुन्हा प्रश्नसंचांपुढे बसवायचं नाही, साइटवर न्यायचं आहे. पदवीनंतर गेट परीक्षेतून रुरकीच्या आयआयटीला. तिथे भूकंप अभियांत्रिकीचा विभाग 1960 पासून आहे. फीची चिंता असेल तर 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक पदवीला शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढा, ऐन प्रवेशाच्या वेळी तिथे रांग लागते.

क्लासचा उरलेला हप्ता भरू नका. 'अर्धी फी गेली, आता पूर्णच करू' हा हिशेब मी शेकडो घरांत पाहिला आहे, आणि त्यात प्रत्येक वेळी उरलेली अर्धीही गेली.

आता पोरीशी थोडं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, तूच काढ. शाळेच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या दोन-तीन काचपट्ट्या मागून आण. भेगेच्या दोन्ही बाजूंचा चुना खरवडून पक्की जागा काढ आणि पट्टी भेगेवर आडवी बसव, दोन्ही टोकं अ‍ॅरल्डाइटने घट्ट चिकटव. शेजारी तारीख. भिंत हलली की काच तडकते. एक पट्टी भेगेच्या मध्यावर, एक टोकाशी. वहीत तीन रकाने कर: पाऊस, हादरा, सुरुंग. पहिले दोन तू भर. तिसरा बाबांना भरू दे. खाणीत सुरुंगाआधी भोंगा वाजतो, त्याची वेळ घड्याळात बघून लिहायची, अंदाजाने नाही. काच फुटली तर मला कळवा, वहीचं ते पान दोघांच्या अक्षरासकट.