मोशन सेन्सरचा सेल दोन महिन्यांतच संपतो. जास्त टिकणारा सेल कोणता घ्यावा?

"जास्त टिकणारा सेल कोणता" हे वाचून राहवलं नाही. याच एका प्रश्नावरून मी दादाचं कितीतरी ऐकून घेतलंय. बहुतेक तुमच्या सेलमध्ये काहीच खोट नाही. सेन्सर तो इतक्या लवकर का पितोय, ते शोधा.

आमच्याकडे बाबांच्या खोलीबाहेर, पॅसेजमध्ये झिग्बीचा (म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या कमी विजेच्या वायरलेस जोडणीचा) सेन्सर आहे, भिंतीला घोट्याच्या उंचीवर. बाबा रात्री दोन-तीनदा उठतात. दाराबाहेर पाऊल पडलं की मंद दिवा लागतो. पहिला सेल सव्वा वर्ष चालला. दुसरा सहा आठवड्यांत गेला, तिसराही तसाच, आणि तो नेमका रात्री गेला. सकाळी बाबा एवढंच म्हणाले, "भिंत चाचपत गेलो." दादा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "स्वस्तातले सेल आणतोस, दुसरं काय होणार!" दुसऱ्या दिवशी महागाचं पाकीट घेऊन आला. त्यातला पहिला सेल पाच आठवडे टिकला. तेव्हा म्हणायला लागला, सेन्सरच बाद झालाय.

मग मी हबच्या, म्हणजे सगळी उपकरणं जोडणाऱ्या मुख्य डबीच्या ॲपमध्ये नेटवर्कचा नकाशा उघडला. सेन्सरची रेघ दोन भिंती ओलांडून थेट हॉलमधल्या हबला जात होती. आधी ती पॅसेजमधल्या स्मार्ट प्लगमधून जायची; असा प्लग मधला टप्पा होऊन सेन्सरचे निरोप हबपर्यंत पोचवतो. प्लग कुठाय? दादाने लॅम्प हलवताना काढून ड्रॉवरमध्ये टाकलेला. पहिला सेल संपला त्याच्या थोडं आधी.

सेन्सर नुसता पहारा देतो तेव्हा काही मायक्रोअँपिअरवर भागतं. रेडिओ बोलायला लागला की तोच खर्च मिलीअँपिअरमध्ये जातो, म्हणजे हजारपटीच्या घरात. निरोप पोचल्याची पावती आली नाही की तो पुन्हा पाठवतो, जोडणी तुटली की चॅनल धुंडाळत बसतो. सीआर२४५० या बटन सेलमध्ये साधारण ६०० मिलीअँपिअर-तासांचा साठा असतो, सीआर२०३२ मध्ये २२० च्या आसपास. असल्या उधळपट्टीला महागडा सेल तरी किती पुरणार?

प्लग जागेवर लावला, सेन्सरचं मागचं झाकण नाण्याने फिरवून काढलं, बटण दाबून धरलं आणि प्लगच्या शेजारीच पुन्हा पेअर केलं, म्हणजे नेटवर्कला नव्याने जोडलं. हे पेअर करणं टाळू नका. काही सेन्सर जवळचा रस्ता आपणहून शोधत नाहीत, जुन्यालाच चिकटून राहतात. त्यानंतर सेल बदलून १४ महिने झाले, अजून चालू आहे.

तेव्हा आधी हे बघा, की सेन्सर आणि हब यांच्यामध्ये कायम वीज चालू असलेलं झिग्बीचं एखादं उपकरण आहे का. आणि घरातल्यांना निक्षून सांगा, न विचारता प्लग काढायचा नाही. मग दिवसभराची नोंद काढा. घरात कोणी नसताना हालचाल दिसत असेल तर समोर ऊन पडतंय, एसीचा झोत येतोय किंवा पडदा हलतोय. सेन्सरचं तोंड फिरवा. दोन निरोपांमधलं अंतर काही सेकंदांचं असेल तर एक मिनिट करा, फक्त दिवा त्याहून जास्त वेळ चालू राहील असं ठेवा. ॲपमध्ये दिसणाऱ्या सेलच्या टक्क्यांवर विसंबू नका. लिथियम सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं आणि मग धाडकन पडतं. थंडीत त्याआधीच दगा देतं.

हे सगळं झिग्बीचं झालं. तुमचा वायफायवाला असेल तर प्लगचा उपयोग नाही, तो मुळातच जास्त खातो. तिथे राउटर जवळ आणा आणि निरोप कमी करा. सीआरच्या जागी रिचार्जेबल एलआयआर सेल घालू नका, पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो, सेन्सर ३ व्होल्टचा असतो. घरात लहान मूल असेल तर काढलेले बटन सेल लगेच त्याच्या हाताबाहेर ठेवा. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजतो.

सेलचं म्हणाल, तर कुठल्याही बऱ्या कंपनीचा, मुदत न उलटलेला घ्या. आमच्या पॅसेजमध्ये आत्ता चालू आहे तो माझ्याच त्या स्वस्तातल्या पाकिटातला आहे. हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही, पण सांगणार आहे.