गुरुजींना विचारा : वाडीवरची बोली

प्रश्न : गुरुजी, रोह्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. कातकरवाडीवरची, म्हणजे कातकरी आदिवासींची मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, आणि घरीही आता निम्मं मराठीच बोलतात. गोव्यात पोर्तुगिजांनी कोकणीवर बंदी घातली होती. इंग्रजांनी तर कातकऱ्यांच्या बोलीला हात लावला नव्हता. मग ती का चाललीय? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, हात लावायची गरजच पडली नाही. गोव्यात 1684 साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं, तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला. कोकणी तरी टिकली. 1987 मध्ये तिथली राजभाषा झाली. इकडे इंग्रजांनी भाषेचं नावही न काढता जंगल घेतलं. मला विचाराल तर हा घाव जास्त खोल गेला.

कातकऱ्यांचा धंदा कात पाडायचा. खैर तोडायचा, वरचं पांढरं लाकूड तासून आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या मडक्यांतून उकळायच्या, पाणी गाळून पुन्हा आटवायचं, घट्ट झालं की वड्या वाळवायच्या. खैर कुठला घ्यावा, जाळ कधी ओढावा, हे पोरं आईबापांच्या तोंडूनच शिकणार ना? 1878 च्या वनकायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि खैराला कुऱ्हाड लावणं गुन्हा ठरलं. वर अख्ख्या जमातीला जन्मापासून गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का. तो कायदा 1952 ला गेला, तरी गावात चोरी झाली की आधी वाडीकडेच बोट जातं. असल्या गावच्या बाजारात आपली बोली मोठ्याने कोण बोलेल?

पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, आता विटांच्या. दिवाळीनंतर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेऊन कुटुंबं निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुकादमाचा हिशेब मराठीत, शिव्याही मराठीतच.

पण सगळं इंग्रजांच्या माथी मारू नका. त्यांचा 1927 चा वनकायदा आपणही तसाच राबवला; वनहक्क कायदा यायला 2006 उजाडलं.

तुमच्या वर्गाचं म्हणाल तर ‘शुद्ध बोल’ हे दोन शब्द आधी बंद करा. वाडीवरच्या एखाद्या आजीला शाळेत बोलवा, खेकडे कसे धरतात ते तिच्या बोलीत सांगू दे. पोरं मध्येमध्ये बोलायला लागतील. आणि आईबाप भट्टीवर गेले तरी पोरांना गावातच राहता यावं यासाठी हंगामी वसतिगृहाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत दिवाळीआधीच काढा. एकदा उचल घेतली की पोरं भट्टीवर जाणारच.